आगरात कुत्र्याला पुरायचं तर कुठे, किती खोल?

प्रश्न (गुहागर): मोती शेवटच्या घटका मोजतोय. पाऊस चालू, आगरात विहीर. जागा कुठली निवडावी?

उत्तर १: विहिरीपासून शक्य तितकं लांब, उताराच्या खालच्या अंगाला. चार फूट खणा. वर तीन फूट माती हवी, नाहीतर कोल्हे उकरतात. जांभा दगड लागला तर पहारीशिवाय भागत नाही, म्हणून खड्डा आधीच खणून पत्र्याने झाका. तळाला पाणी झिरपलं तर जागा बदला.

उत्तर २: प्लास्टिक नको, जुनं सुती लुगडं घ्या. अंग काही तासांत ताठतं, पाय आधीच दुमडा. इंजेक्शन देऊन झोपवलं तर औषध शरीरात उरतं, उकरून खाणारं जनावरही दगावू शकतं. वर चिरे रचाच.

उत्तर ३: लाडाची सुकट सोबत पुरू नका, वासाने आळीतली सगळी कुत्री उकरायला येतील! ती आत्ताच भरवा, डॉक्टरांची हरकत नसेल तर. पावसात माती खचते, पुन्हा भर घाला.