रो-रो धक्क्याच्या आराखड्यात नेमकं काय तपासायचं?

खाडीवारा:
खाडीच्या तोंडाशी दोन्ही काठांवर रो-रो धक्का (गाड्या चालवतच चढतात-उतरतात अशा बोटीचा) बांधायचा प्रस्ताव हरकतींसाठी खुला झाला आहे. पाण्यावरून 9 किलोमीटर, रस्त्याने वळसा 80 किलोमीटर. अहवालाची बहुतेक पानं बोटीवर खर्ची पडली आहेत. धक्क्याबद्दल दोनच ओळी: ‘काँक्रीटचा रॅम्प, उतार 1:8’ आणि ‘तळ चार्ट डेटमखाली 1.5 मीटर’ (चार्ट डेटम म्हणजे सागरी नकाशातली शून्य पातळी). भरलेल्या बोटीचा 2.2 मीटर भाग पाण्याखाली राहतो. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) ओहोटी 0.4 मीटरवर उतरते आणि भरती 4.6 मीटरपर्यंत चढते. एक बोट, वेग 10 नॉट, सकाळी 7 ते संध्याकाळी 7 ‘सलग सेवा’ असा दावा आहे. हरकतीत कशावर बोट ठेवावं?

तांडेल:
‘सलग’ या शब्दावर. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच तो दावा पडतो.

बोटीचा बुडावा 2.2 मीटर. तिच्या तळाखाली किमान अर्धा मीटर मोकळं पाणी हवं, लाटांचे हेलकावे आणि चालत्या बोटीचं खाली बसणं यासाठी आणखी 0.3 धरा. एकूण 3 मीटर. तळ डेटमखाली 1.5 मीटरवर आहे, म्हणजे भरतीचं पाणी किमान 1.5 मीटर चढलेलं असेल तेव्हाच बोट धक्क्याला लागेल.

आता बाराव्या हिश्शाचा नियम लावा. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 हिस्से चढतं. फरक 4.2 मीटर, म्हणून एक हिस्सा 0.35. ओहोटीनंतर तासाभराने पाणी 0.75 मीटर, दोन तासांनी 1.45. म्हणजे उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास धक्का बंद. असं दिवसातून दोनदा.

लोकांना वाटतं की भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या) दिवसांत पाणी कमी, म्हणून अडचण तेव्हाच येईल. प्रत्यक्षात उलट. भांगाला भरती कमी चढते, पण ओहोटीही फार उतरत नाही. बोट अडते ती अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, पण एकाच बंदरात उधाणाची ओहोटी दर पंधरवड्याला घड्याळाच्या जवळपास त्याच वेळी येते. ती वेळ सकाळी कामावर जाण्याची असेल, तर रोजचा प्रवासी दर पंधरवड्यातले तेच काही दिवस अडकणार. भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वर्षभराच्या बंद तासांचा हिशेब मागा.

नकाशेवाला:
रॅम्पबद्दल. 1:8 उतारावर 4.2 मीटरचा फरक म्हणजे पाण्याची कड जवळपास 34 मीटर मागे-पुढे होणार. दर फेरीला बोट वेगळ्या जागी टेकेल. उतार बदलतो त्या सांध्यावर लांब बसचं मागचं टोक घासतं, आणि कमी उंचीचा ट्रेलर मधोमध अडकून राहतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात शेवाळ धरतं, म्हणून काँक्रीटमध्ये तिरप्या खाचा हव्यात आणि घासकामाचं वेळापत्रक हवं.

त्याहून गंभीर म्हणजे रॅम्पचा पायथा. गाड्या चढेपर्यंत बोट इंजिन चालू ठेवून रॅम्पला रेटून उभी राहते. पंख्याचा झोत रोज त्याच जागेवर बसतो, तळाची वाळू उडते आणि काँक्रीटच्या कडेखाली पोकळी होते. वरून काहीच दिसत नाही, मग एक दिवस काँक्रीटची लादी खचते. पायथ्याला जड दगडांचं किंवा काँक्रीट-गाद्यांचं आच्छादन आराखड्यात आहे का, ते पाहा.

दुसरा पर्याय म्हणजे बिजागरीवर वर-खाली होणारा पूल. बिजागरी मध्य पातळीवर ठेवली तर टोक 2.1 मीटर वर आणि तेवढंच खाली जाईल. उतार 1:10 च्या आत ठेवायला लांबी किमान 21 मीटर लागते. खर्च वाढतो, पण बोट कायम एकाच जागी लागते.

तांडेल:
धक्का आणि बोट एकमेकांना साजेसे नसले की काय होतं, याचं उदाहरण बेल्जियममधल्या झेब्रुगं बंदराचं. तिथला पूल उधाणाच्या भरतीला बोटीच्या वरच्या डेकपर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून पुढच्या टाक्यांत पाणी भरून बोटीचं नाक खाली आणलं जायचं. 6 मार्च 1987 रोजी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ तशीच, नाक खाली झुकलेल्या अवस्थेत, निघाली. नाकाचे दरवाजे उघडे राहिले होते. 193 माणसं गेली. मूळ कारण उघडे दरवाजेच, पण खाली झुकलेल्या नाकामुळे पाणी लवकर आत शिरलं.

वाहतूक-गणित:
आता प्रवाशाच्या वेळेचं पाहू. 10 नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर, 9 किलोमीटरला 29 मिनिटं. 40 गाड्या उतरायला प्रत्येकी 8 सेकंद धरले तर साडेपाच मिनिटं, चढून नीट लावायला प्रत्येकी 15 सेकंद म्हणजे 10 मिनिटं. दोर बांधणं-सोडणं धरून 20. एक बाजू 50 मिनिटांची, पूर्ण फेरी 100 मिनिटांची.

एकच बोट असेल तर 100 मिनिटांनी एक सुटणार. वेळ न बघता आलेल्या गाडीला सरासरी 50 मिनिटं थांबावं लागेल. त्यात 29 मिनिटांचा प्रवास आणि चढ-उतार मिळवला की दीड तास झाला. रस्त्याने 80 किलोमीटरला ताशी 40 च्या वेगाने दोन तास. एवढा खटाटोप करून वाचला अर्धा तास, तोही गाडी पहिल्याच बोटीत बसली तर. दुसरी बोट आली की थांबणं 25 मिनिटांवर येतं. म्हणून बोट मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम बोटी मागा.

वाहनतळाचं माप गाड्यांच्या संख्येत देऊ नये, रांगेच्या लांबीत द्यावं. कारला 5.5 मीटर, बसला 13. बोटीवर 240 मीटर रांग मावत असेल तर धक्क्यावर किमान 360 हवी: एक पूर्ण बोट आणि पुढचीची अर्धी. नाहीतर रांग गावच्या रस्त्यावर येते आणि उतरलेल्या गाड्यांना बाहेर पडायला वाट राहत नाही. तिकीट तळाच्या तोंडाशीच फाडावं. मालवाहू गाड्यांना वजनकाटा लागेल, कारण जड गाडी बोटीत कुठे उभी करायची हे वजनावर ठरतं. पायी प्रवाशांना वेगळी, कठडा असलेली वाट हवी. ते गाड्यांच्याच रॅम्पवरून चालले तर तेवढा वेळ गाड्या थांबतात आणि 20 मिनिटांचं गणित मोडतं.

पायी प्रवाशांना धक्क्यावरून पुढे नेणारी बस मात्र बोट लागल्यानंतर दहा मिनिटांनी सुटली पाहिजे, आधी नाही.

खाडीवारा:
खूप उपयोग झाला. तळ 1.5 ऐवजी 3 मीटरपर्यंत खोदला तर ओहोटीचा प्रश्न संपेल ना?

नकाशेवाला:
खोदल्या दिवशी संपेल. आजूबाजूच्या तळापेक्षा खोल केलेल्या खड्ड्यात पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ तिथेच बसतो. 300 मीटर लांब, 40 मीटर रुंद वाट दीड मीटर खोल करायची तर 18,000 घनमीटर उपसा. पुढे महिन्याला 20 सेंटीमीटर बसला तरी दरमहा 2,400 घनमीटर काढत राहावं लागेल. गुजरातेत खंभातच्या आखातातल्या घोघा-दहेज सेवेने रस्त्याचा मोठा वळसा वाचत होता, तरी दहेजच्या बाजूला साचणाऱ्या गाळामुळे ती 2019 मध्ये थांबली. नोव्हेंबर 2020 पासून घोघ्याहून फेरी हजीऱ्याला जाऊ लागली.

म्हणून तळाची मोजणी पावसाळ्याआधीची आणि नंतरची, दोन्ही मागा. मोजणी दोन वारंवारितांच्या ध्वनिमापकाने झाली आहे का, तेही विचारा. वरच्या वारंवारितेचा ध्वनी पातळ चिखलाच्या पृष्ठावरून परततो, खालचा त्यातून आरपार जाऊन घट्ट तळावरून. दोन्ही रेषांत फरक दिसला तर तेवढी जाडी पातळ चिखलाची आहे. फक्त खालच्या वारंवारितेवर काढलेला नकाशा असेल तर खोली प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. उपशाचा खर्च दरवर्षी कोण देणार आणि काढलेला गाळ कुठे टाकणार, हे करारात लिहून घ्या. ओहोटीला खाडीत परत येईल अशा जागी टाकलेला गाळ पुन्हा त्याच खड्ड्यात बसतो.