‘बुडवले’ की ‘जळाले’: संपादनाविषयी थोडे

संपादकाने फक्त शुद्धलेखन पाहावे, आशयाला हात लावू नये, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. विजयदुर्ग या सागरी किल्ल्याच्या पाडावावरील माझा लेख साताऱ्यातील एका संपादकांसोबत तपासताना आमचा सर्वाधिक वेळ एकाच वाक्यावर गेला: ‘पेशव्यांनी मराठा आरमार बुडवले.’ कोणी बुडवले, आणि खरोखर बुडाले का, असे त्यांनी विचारले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या ॲडमिरल वॉटसनच्या तोफांच्या माऱ्यात विजयदुर्गाचे आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांची जहाजे बंदरातच जळाली. पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून आले होते, मात्र इंग्रजांशी हातमिळवणी केल्याची जबाबदारी त्यांच्यावर राहतेच. म्हणून ‘बुडवले’ काढून ‘जळाले’ लिहिले, आणि दोघांचाही वाटा स्वतंत्रपणे नोंदवला. गुराब (तोफांचे मोठे जहाज) आणि गलबत (वल्ह्यांचे लहान, हलके जहाज) या दोन्हींना मी सरसकट ‘जहाज’ म्हटले होते. ते मूळ शब्द त्यांनी आग्रहाने परत आणवले, आणि हा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण वारा पडल्यावर वल्ह्यांच्या गलबतांनी तोफांची गुराब ओढत शत्रूच्या पिछाडीला न्यायची, हे आंग्र्यांचे युद्धतंत्र त्या दोन शब्दांवाचून वाचकाला समजलेच नसते.