गंगावती: डाव्या कालव्यावरचे भाताचे गाव (अनुभव)

कर्नाटकातील कोप्पळ जिल्ह्यातले गंगावती आपल्यापैकी अनेकांना हंपी-आनेगुंदीच्या जवळचे गाव एवढेच ठाऊक असते. तुंगभद्रेच्या डाव्या कालव्यावर वाढलेली ही भाताची पेठ ज्यांनी कामानिमित्त पाहिली आहे, त्यांनी आपले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

सोलापुरात आमचे तांदळाचे घाऊक दुकान असून सोना मसुरीच्या खरेदीसाठी मी वर्षातून दोनदा, खरिपाचे आणि उन्हाळी भात निघाल्यावर, गंगावतीला जातो. पहिल्या खेपेस वडील बरोबर होते. गिरणीवाल्याने पोत्यात लोखंडी नळी खुपसून काढलेला नमुना त्यांच्या तळहातावर ओतला. त्यांनी बोटाने कणी बाजूला सारली, एक दाणा दाताखाली धरला आणि तो कट्कन न तुटता दबला, एवढ्यावरून ओल जास्त असल्याचे सांगितले. गिरणीत वाया काहीच जात नाही. तूस बॉयलरला जाते आणि कोंडा तेल काढणारे नेतात. आमची गिऱ्हाइके मात्र जुनाच तांदूळ मागतात, कारण नव्याचा भात चिकट होतो. माल सहा महिने धरून ठेवण्याची ऐपत ज्याची असते, त्यालाच त्यातला नफा मिळतो आणि शेतकऱ्याची ती सहसा नसते, ही गोष्ट मला आजही खटकते.

*

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून मूळचा परभणीचा आहे. तुंगभद्रा धरणाचे काम १९४५ साली सुरू झाले आणि १९५३ मध्ये पाणी सुटले, तेव्हा हा तीर आणि आमचा मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. थोडे थोडे पाणी पुष्कळ क्षेत्राला देऊन ज्वारी-कापसासारखी पिके वाचवावीत, असा डाव्या कालव्याचा मूळ हेतू होता आणि भाताला मर्यादितच क्षेत्र नेमून दिले होते. पुढे किनारी आंध्रातून भाताचे जाणकार शेतकरी आले, त्यांनी जमिनी घेतल्या आणि त्यांच्या वस्त्या आजही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखल्या जातात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तरीही वरच्या अंगाला बांधाबांधात पाणी तुंबलेले पाहून खालच्या अंगाला मानवी-रायचूर या गावांकडे गेलो, तेव्हा टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, चारीत वाळलेले गवत होते. त्यातच गाळामुळे धरणाची साठवण १३३ टीएमसीवरून (अब्ज घनफूट) सुमारे १०५ वर आली आहे, त्यामुळे ही ओढाताण वाढणारच.

*

बँकेच्या नोकरीत माझी बदली गंगावतीला झाली होती. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री साखळी तुटून धरणाचा १९ क्रमांकाचा दरवाजा वाहून गेला, तेव्हा लावण्या झालेल्या होत्या आणि आमच्या शाखेने पीककर्जे नुकतीच वाटली होती. धरण जवळजवळ भरलेले असताना दाब कमी करण्यासाठी इतर दरवाजेही उघडावे लागले. सकाळी शाखेत आलेले शेतकरी मोबाइलवर तेच वाहते पाणी पुन्हा पुन्हा पाहत होते. आठवड्याभरात, वाहत्या पाण्यात, धरणाच्या दरवाजांचे तज्ज्ञ कन्नय्या नायडू यांच्या मार्गदर्शनाखाली तात्पुरते पोलादी अडसर बसवले गेले. त्यानंतर शाखा उघडताच एक आजोबा आले. त्यांचे बँकेत काहीच काम नव्हते. ‘नीरु निंतितु’, पाणी थांबले, एवढेच सांगून ते शेताकडे गेले.