रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही, हे खरं का?

लेथवाला
शस्त्रपरवान्याचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "पिस्तूल अडकतं, रिव्हॉल्व्हर दगा देत नाही." अर्धंच खरं आहे ते. राउंड, म्हणजे काडतूस, फुसका निघाला तर पुन्हा चाप ओढा, फिरत्या सिलिंडरमधलं पुढचं चेंबर, म्हणजे पुढच्या काडतुसाचं घर, समोर येतं, इथवर मान्य. पण हे यंत्र साधं आहे, हे कोणी सांगितलं? एकाच ओढीत घोडा मागे जातो, सिलिंडर फिरतो, खालची खुंटी त्याला नेमकी नळीसमोर अडवते आणि मग घोडा सुटतो. सिलिंडर आणि नळीतली फट जेमतेम एक-दोन दशांश मिलिमीटर. एजेक्टरच्या, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण बसले, की चांदणी पूर्ण आत जात नाही, काडतुसांची बुडं मागे फ्रेमला घासतात आणि चाप हलेनासा होतो. एजेक्टर रॉड सैल झाला तर सिलिंडर उघडतच नाही. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने रॉडचे आटे उलटे केले ते काय हौसेने? पिस्तूल अडकलं तर बहुतेक वेळा स्लाइड ओढून मोकळं होतं. हे अडकलं की कारागीर शोधा.

नेमबाज_नाशिक
अहो लेथवाले, हे सगळं होतं रेंजवर भरपूर राउंड झाडल्यावर. आपल्याकडे गोळ्यांचा कोटा ठरलेला, वर काडतूस महाग. शस्त्र वर्षभर कपाटात, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. अशा वापरात मॅगझिन नाही, स्लाइड नाही, कमजोर राउंडने अडायचा प्रश्न नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्लीच्या जुन्या मोडत्या (बिजागरीवर वाकवून उघडायच्या) पद्धतीचं; त्याचाच हलका टायटॅनियम अवतार म्हणजे २०१४ चं निर्भीक. सिलिंडर बाजूला उघडणारं प्रबल आलं ते थेट २०२३ मध्ये. दिसायला जुनाट, पण कामाचं.

लेथवाला
कपाटातच तर घोळ आहे. तेल वाळून चिकट होतं, घोडा जोराने पडत नाही, प्राइमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, नुसती खूण उमटते. मग पुन्हा चाप ओढून काय मिळवणार? दोष राउंडात नाही, शस्त्रात आहे. पुढच्या चेंबरलाही तेच. आणि चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंगचा स्क्रू ढिला करणारे महाभाग वेगळेच.

तिरकस
मूळ रोग नव्या मालात आहे. स्मिथ अँड वेसनने २००१ पासून फ्रेममध्ये कुलूप घातलं, किल्लीचं भोक सिलिंडर उघडायच्या खटक्याच्या जरा वर दिसतं. वजनाने हलक्या मॉडेलमध्ये जोरदार राउंडच्या धक्क्याने ते आपोआप लागल्याच्या तक्रारी आहेत. जीव वाचवायच्या वस्तूत वकिलांनी सुचवलेला भाग कशाला? १९५५ चं कोल्ट पायथन बघा, हाताने घासून जुळवलेलं. काय तो चाप!

मीनल_मेक
तिरकसराव, ते हाताने जुळवलेलं, म्हणूनच हाताने दुरुस्त करावं लागायचं. जुन्या पायथनचं टायमिंग, म्हणजे चेंबर नळीसमोर नेमकं येण्याची वेळ, सरकायचं, आणि ते बसवणारे कारागीर उरले किती? २०२० चं नवं पायथन कमी भागांचं आहे. पहिल्या काही नगांत सिलिंडर न फिरल्याच्या तक्रारी आल्या, नाही म्हणत नाही; पण कल्पना योग्य. रुगरने तर १९८५ च्या जीपी १०० मध्ये साइडप्लेट, म्हणजे फ्रेमच्या बाजूचं झाकणच ठेवलं नाही, यंत्रणा ट्रिगर गार्डसकट खालून निघते. फ्रेमला बाजूला खिडकीच नाही म्हणून ती जास्त ताठ.
कुलपापेक्षा मला हलकेपणाची धास्ती वाटते. धक्का इतका बसतो की न झाडलेल्या काडतुसातली गोळी पुंगळीतून पुढे सरकते, तिचं टोक सिलिंडरबाहेर येतं आणि फिरणं बंद. स्मिथच्या हलक्या ३४० पीडीच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका असं कोरलेलंच असतं, ते टायटॅनियमचा सिलिंडर लवकर झिजू नये म्हणून; तोही हलकेपणाचाच भुर्दंड. खिशात हलकं लागावं म्हणून स्वतःहून विकत घेतलेला बिघाड आहे हा.

नेमबाज_नाशिक
.३२ ला कुठला आलाय एवढा धक्का मीनलताई? मॅग्नमची, म्हणजे जास्त जोरदार काडतुसांची, भीती आम्हाला नका दाखवू.

मीनल_मेक
.३२ पुरतं कबूल. पण ते मोडतं शस्त्र घेताना बिजागरी आणि वरची कडी हलवून बघा. शस्त्र रिकामं आहे याची खात्री करून सिलिंडरवर बोट हलकं टेकवा आणि घोडा सावकाश मागे घ्या. घोडा पूर्ण मागे गेला तरी खुंटी बसली नाही, तर दुकानदार काहीही सांगो, घेऊ नका.

तिरकस
आणि कुलूप?

लेथवाला
.३२ ला कुलूप नाही, तिरकसराव. तुम्ही कानपूरचंच घ्या, आणि चांदणीखाली ब्रश मारत चला.