बातमी कापसाची असेल तर इंग्रजी जड जात नाही

दादा, तुम्ही म्हणता खेड्यातल्या पोट्ट्यांनी आधी व्याकरण पक्कं करावं, उद्योगाच्या इंग्रजी बातम्या नंतर. मला हे पटत नाही. यवतमाळ-वर्ध्याकडच्या बी.कॉम.च्या पोराला कापूस ठाऊक असतो, मग तिथूनच सुरू करावं ना!

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढलं. घरोघरी त्याचीच चर्चा होती. तीच बातमी आधी मराठीत वाचायची, मग इंग्रजीत. अर्थ डोक्यात असल्यानं लांब वाक्यंही सुटत जातात.

खरी अडचण आकड्यांची. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातला भाव सेंट प्रति पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅमचा, आणि तोही रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा. हिंगणघाटच्या बाजारात आपण क्विंटलनं विकतो तो सरकीसकट कापूस. क्विंटलमागे रुई निघते जेमतेम तिसरा हिस्सा. देशातल्या रुईचा भाव खंडीवर, म्हणजे सुमारे ३५६ किलोवर. हे वहीत मांडल्याशिवाय दोन भावांची तुलना करूच नये. माझ्या मते शिकवणीवाल्यांनी शब्दांच्या याद्या देण्यापेक्षा हे करून घ्यावं.

ग्राहकांच्या बातम्यांतही तसंच. साबण कंपनीची ग्रामीण विक्री वाढली असं दिसलं की बघायचं, वाढले ते रुपये की नग? किंमत वाढवूनही रुपये वाढतात. गावच्या किराणा दुकानदाराला विचारा, कोणतं पाकीट जास्त खपतंय ते तो लगेच सांगेल.