हार्ट फेल्युअर: रुग्णाला घरी सोडल्यानंतर ओपीडीतून कोणता आधार शोधावा?

प्रश्न

माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांच्या हृदयाचे पंपिंग ३० टक्क्यांवर आले आहे. गेल्या चार महिन्यांत त्यांना दोनदा दाखल करावे लागले. दोन्ही वेळा आधी पायांवर सूज, मग आडवे होताच लागणारी धाप आणि शेवटी दोन उशांऐवजी चार उशा, असाच क्रम होता. पहिल्यांदा घरी सोडताना औषधांची चिठ्ठी आणि ‘सहा आठवड्यांनी दाखवा’ एवढा निरोप मिळाला. पण सहावा आठवडा उजाडण्याआधीच आम्ही पुन्हा तातडीच्या विभागात होतो. आता त्यांना घरी येऊन चार दिवस झाले आहेत. दोन भेटींच्या मधल्या काळातही लक्ष ठेवणारी ओपीडी निवडताना नेमके काय विचारावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: आईची सहा वर्षे देखभाल केलेली मुलगी

माझ्या मते पहिला प्रश्न हाच असावा की, वजन वाढले तर फोन कोण उचलेल आणि उचलणाऱ्या व्यक्तीला डॉक्टरांशी बोलून त्याच दिवशी डोस बदलून देता येईल का. आम्ही सुरुवातीला ज्या ठिकाणी जात होतो तिथे फोनवर सगळे सौजन्याने बोलत, परंतु प्रत्येक बोलणे पुढच्या तारखेपाशी येऊन थांबत असे. नंतरच्या ओपीडीतील परिचारिका तीनच गोष्टी विचारत असत: आजचे वजन किती, रात्री किती उशा लागल्या आणि लघवी नेहमीसारखी होते का. त्या उत्तरांवरून संध्याकाळपर्यंत लघवीच्या गोळीचा बदललेला डोस आम्हाला कळवला जाई.

वजनाची वही आजपासूनच सुरू करा. सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर आणि साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचे. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली तर वाट न पाहता कळवायचे. शरीरात साठलेले एक लिटर पाणी म्हणजे सुमारे एक किलो वजन, त्यामुळे धाप लागण्याच्या कितीतरी आधी काटा बोलू लागतो. आमच्या वहीत एकदा ५४.२, ५४.९, ५५.८, ५६.५ असे आकडे ओळीने आले होते. आई म्हणत होती की तिला काहीच होत नाही. मात्र मोजा काढल्यावर घोट्याच्या वर उमटलेला वळ अर्ध्या तासानंतरही तसाच होता. त्या दिवशी केलेल्या फोनमुळे दाखल होणे टळले, असे मी आजही मानते.

प्रतिसाद: हार्ट फेल्युअर ओपीडीत काम करणारी परिचारिका

वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. घरी सोडल्यानंतर दोन-तीन दिवसांत फोन आणि सात ते चौदा दिवसांत प्रत्यक्ष तपासणी व्हायला हवी, कारण पुन्हा दाखल होण्याचा धोका सुरुवातीच्या आठवड्यांतच सर्वाधिक असतो. शिवाय रुग्ण घरी जातो तेव्हा औषधे बहुधा पूर्ण मात्रेवर पोहोचलेली नसतात. पंपिंग कमी असलेल्या रुग्णांसाठी आज चार गटांची औषधे एकत्र वापरली जातात आणि त्यांचे डोस टप्प्याटप्प्याने वाढवावे लागतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ अभ्यासात डोस दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत नेऊन रुग्णांना वारंवार तपासण्यात आले. त्या गटात १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा दाखल होणे यांचे प्रमाण १५.२ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीने पाहिलेल्या गटात ते २३.३ टक्के होते. म्हणून ‘डोस कोण वाढवणार आणि रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) कधी तपासणार’ हे स्पष्टपणे विचारा. या दोन तपासण्यांशिवाय डोस वाढवत नेणे सुरक्षित नाही.

चांगली ओपीडी चिठ्ठीबाहेरच्या गोष्टींचीही चौकशी करते. गुडघेदुखीसाठी घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक शरीरात पाणी साठवते. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांत सोडियम असते आणि ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून मिळणाऱ्या पदार्थात बहुधा पोटॅशियम असते, जे स्पायरोनोलॅक्टोनसारख्या, शरीरात पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या औषधांबरोबर धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. एक गोष्ट मात्र फोनवर सोपवू नका: बसल्या जागी धाप, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा गुलाबी फेसाळ थुंकी आल्यास थेट तातडीच्या विभागात जावे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. बाबांनी कालपासून बीटा-ब्लॉकरची (हृदयाचे ठोके मंदावणारी) गोळी थकवा येतो म्हणून स्वतःहून बंद केली आहे. वरचा रक्तदाब १०२ आहे, चक्कर येत नाही. काय करावे?

प्रतिसाद: परिचारिका

आजच ओपीडीत कळवा. ही गोळी अचानक बंद करणे धोक्याचे ठरू शकते, आणि चक्कर नसताना केवळ रक्तदाबाचा कमी दिसणारा आकडा हे ती सोडण्याचे कारण होत नाही. सुरुवातीचा थकवा अनेकांना जाणवतो. गोळ्यांच्या वेळा बदलून किंवा डोस सावकाश वाढवून त्यातून वाट काढता येते. पण हा निर्णय डॉक्टरांचा असावा. उलट्या किंवा जुलाब सुरू झाले तरीही त्याच दिवशी फोन करावा.

प्रतिसाद: स्वतः रुग्ण

मी पाच वर्षे या आजारासह जगतो आहे, म्हणून वडिलांच्या बाजूने दोन शब्द लिहितो. घरातली मंडळी माझ्या देखत माझ्या लघवीची चर्चा करू लागली तेव्हा मी माहिती लपवू लागलो होतो. वही माझ्या हातात आल्यावर ते थांबले. देखरेखीखालच्या व्यायामाचा कार्यक्रम मिळाला तर तो अवश्य घ्या. पहिल्या दिवशी सहा मिनिटांच्या चालण्यात मी दोनदा थांबलो होतो, आणि बाराव्या आठवड्यात न थांबता चाललो. ओपीडीत मनाची चौकशी करणारे कोणी आहे का, हेही पाहा. रात्री पुन्हा धाप लागेल या भीतीने मी कित्येक महिने खुर्चीतच झोपत असे, आणि ते कोणी विचारेपर्यंत मी कुणाला सांगितले नव्हते.

धागाकर्ता

ओपीडीत बोलणे झाले. डॉक्टरांनी गोळी अर्ध्या डोसने रात्री सुरू करायला सांगितली असून रक्ततपासणी आणि भेट पुढच्या मंगळवारी आहे, म्हणजे घरी आल्यापासून दहाव्या दिवशी. वही बाबांकडे दिली आहे. आजचा आकडा त्यांनी स्वतः लिहिला: ७१.४.