मदत हवी आहे: लुईस बेटावरच्या गवती छपराच्या दगडी घराचं छेदचित्र (घर उभं कापल्यासारखं दाखवणारं रेखाटन) काढताना अडलेय

नमस्कार मंडळी, स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या आर्नोल गावातलं 42 क्रमांकाचं 'ब्लॅकहाउस' कुणी आतून पाहिलंय का? 1966 पर्यंत तिथे शेतकरी कुटुंब राहत होतं, आता ते जतन केलेलं आहे. माणसं आणि गुरं एकाच छपराखाली, मधोमध पीटची (दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीसारख्या जळणाची) चूल, धुराडं नाहीच. धूर छपरातूनच झिरपत बाहेर जायचा आणि काजळी धरलेलं जुनं गवत पुढे खत म्हणून शेतात! हे सगळं कळलं.

अडलंय ते भिंतीपाशी. भिंत दुहेरी, चुन्याशिवाय रचलेल्या दगडांची, मधे मातीचा भराव. पण छप्पर टेकतं आतल्या थरावर. म्हणजे वळचण बाहेर येतच नाही आणि पागोळ्या थेट भिंतीच्या डोक्यावर पडतात. कोकणात असं घर बांधलं तर गवंड्याला गावाबाहेर काढतील. तिथल्या वादळी वाऱ्यात पुढे आलेली वळचण उचकटली जाईल, हे पटतं. दोरांना दगड बांधून छप्पर दाबून धरतात तेही त्यासाठीच.

पण पाणी जातं कुठे? भिंतीच्या माथ्यावर हिरवळीचे थर असतात, त्यांना बाहेरच्या बाजूला उतार देतात का? की पाणी भरावात मुरून बाहेरच्या दगडांच्या फटींतून निघतं? आतला थर कोरडा कसा राहतो? भिंतीच्या माथ्याचे जवळून काढलेले फोटो किंवा मोजमापाची रेखाटनं असतील तर कृपया टाका. एडिंबरा-ग्लासगोकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी उन्हाळ्यात तिकडे जाणार असेल, तर आधीच सांगा, काय काय टिपायचं त्याची यादी देते.